कराओकेच्या मैफलीत माइक कोणता? वायरचा की कॉर्डलेस, निर्णय जागा पाहूनच

वाराणसी : जपानच्या कोबे शहरात १९७१ मध्ये दाइसुके इनोऊए या वादकाने नाणे टाकताच केवळ वाद्यसंगीत वाजविणारे एक यंत्र तयार केले आणि गायकाची जागा श्रोत्यासाठी मोकळी ठेवली. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे संक्षिप्त रूप. या दोहोंतून झालेला ‘कराओके’ हा शब्द आज भारतातील लहान शहरांतही परिचयाचा झाला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये युनेस्कोने ‘संगीताचे नगर’ म्हणून गौरविलेल्या वाराणसीतही हॉटेलांची सभागृहे, घरांची गच्ची, सोसायट्यांची प्रांगणे आणि उत्सवांचे मंडप या ठिकाणी हौशी गायकांच्या मैफली रंगतात. काशीच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना गणेशोत्सवातील सांस्कृतिक संध्याकाळी नव्या नाहीत. अशा कोणत्याही कार्यक्रमाची तयारी करताना आयोजकांसमोर एक प्रश्न हटकून उभा राहतो : माइक वायरचा घ्यावा की कॉर्डलेस?

हा प्रश्न वरकरणी सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात आवाजाचा दर्जा, खर्च, दूरसंचारविषयक नियम आणि गाणाऱ्याच्या जिवाची सुरक्षितता अशा चार गोष्टी गुंतलेल्या आहेत.

रचना एकच, वाट निराळी

दोन्ही प्रकारच्या माइकमध्ये आवाज टिपणारा भाग बहुधा सारखाच असतो. गायनासाठी सर्रास वापरला जाणारा ‘डायनॅमिक’ माइक पातळ पडदा, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे आणि चुंबक यांच्या साहाय्याने काम करतो. आवाजाच्या दाबाने पडदा हलतो, वेटोळे चुंबकीय क्षेत्रात मागेपुढे सरकते आणि अत्यंत क्षीण विद्युतसंकेत निर्माण होतो. १९६६ पासून बाजारात असलेला शुअर कंपनीचा एसएम-५८ हा या प्रकारातील जगभर ओळखला जाणारा माइक होय.

फरक पडतो तो हा संकेत मिक्सरपर्यंत कोणत्या वाटेने जातो, यात. वायरच्या माइकमध्ये तो तांब्याच्या तारेतून जातो. कॉर्डलेस माइकमध्ये दांड्याच्या आत बसविलेला छोटा प्रक्षेपक त्याचे रेडिओ लहरींत रूपांतर करतो आणि मिक्सरजवळ ठेवलेला ग्राहक त्या लहरींतून पुन्हा ध्वनिसंकेत मिळवितो. अर्थात कॉर्डलेस माइक म्हणजे एक माइक आणि एक लहानसे रेडिओ केंद्र असतो. त्या केंद्राला वीज लागते, मोकळी लहर लागते आणि निर्वेध वाटही लागते. यांपैकी एकाची उणीव भासली की आवाज तुटतो.

वायरची बाजू

वायरच्या माइकला सेल लागत नाहीत, लहरींची जुळवाजुळव लागत नाही आणि शेजारच्या कार्यक्रमाचा आवाज त्यात घुसण्याचे भय जवळजवळ नसते. तीन पिनांची एक्सएलआर जोडणी आणि ‘बॅलन्स्ड’ केबल वापरल्यास संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध रूपात जातो. वाटेत दोन्ही तारांवर सारखीच पडलेली बाहेरची खरखर मिक्सरमध्ये परस्परांना छेद देऊन नाहीशी होते. त्यामुळे ५० मीटर किंवा त्याहून लांब केबलनेही आवाज निर्मळ राहतो. याउलट, बाजारात पी-३८ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाड जॅकच्या साध्या माइकची केबल पाच-सहा मीटरांपलीकडे नेल्यास गुणगुण वाढण्याचा संभव असतो. ‘वायरचा माइक गुणगुणतो’ ही तक्रार पुष्कळदा माइकची नसून अशा केबलची असते.

खर्चाचे गणितही वायरच्या बाजूने आहे. चांगल्या कंपनीच्या एका कॉर्डलेस संचाच्या किमतीत त्याच प्रतीचे दोन-तीन वायरचे माइक सहज येतात. दुरुस्तीही सोपी असते. दोष निर्माण होतो तो बहुतेक वेळा पिनेजवळ, आणि तो डागणी करून स्थानिक कारागिराकडे काही मिनिटांत दूर होतो.

उणिवाही स्पष्ट आहेत. कराओकेत माइक एका हातातून दुसऱ्या हातात जातो. प्रेक्षकांत बसलेल्या आजोबांपर्यंत तो न्यायचा असतो, युगुलगीतात दोघे जागा बदलतात, लहान मुले रंगमंचावर धावतात. अशा वेळी जमिनीवर पसरलेली केबल पायात अडकते. अडखळून पडण्याचा धोका ज्येष्ठांना सर्वाधिक असतो आणि ओढ बसून मिक्सर खाली येण्याचे प्रसंगही घडू शकतात.

कॉर्डलेसची बाजू

कॉर्डलेस माइक गायकाला मोकळे करतो. रंगमंच स्वच्छ दिसतो, माइक फिरविणे सुलभ होते आणि संकोची व्यक्तीला जागेवरून न उठता गाता येते. हौशी मैफलीत ही गोष्ट लहान नव्हे. पुढे येऊन उभे राहण्याचे धैर्य न होणारा श्रोता माइक हाती आल्यावर गातो, आणि कराओकेचा मूळ हेतूही तोच आहे.

मात्र स्वस्त आणि दर्जेदार कॉर्डलेस संचांत अंतर फार मोठे असते. चांगल्या संचाच्या ग्राहकाला दोन अँटेना असतात आणि ज्या अँटेनावर संकेत अधिक सबळ असेल, तो ग्राहक निवडतो. खोलीतील भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरी काही ठिकाणी परस्परांना मारक ठरतात. एका अँटेनाच्या जागी आवाज तुटला तरी दुसरीकडे तो टिकून राहतो. वरून दोन दांड्या दिसतात म्हणून संच या प्रकारचा आहे, असे मात्र समजू नये. खरेदीपूर्वी त्याची खात्री करून घेणे इष्ट.

सेलांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. दोन पेन्सिल सेलांवर चालणारा माइक चांगल्या अल्कलाइन सेलांवर साधारणतः सहा ते आठ तास चालतो. साधे जस्त-कार्बन सेल त्याहून बरेच आधी मान टाकतात. सेल उतरू लागले की आवाज एकदम बंद होतोच असे नाही. आधी तो तुटक होतो, पल्ला घटतो आणि गायकाला आपलाच सूर चुकल्याचा भास होतो. म्हणून कार्यक्रमाच्या आरंभी नवे किंवा पूर्ण भारित सेल घालणे, ही कॉर्डलेस माइकची पहिली अट समजली जाते.

दगडी वाडे, गच्ची आणि घाट

जागेचा विचार न करता केलेली निवड वाराणसीत विशेष महागात पडू शकते. शहराच्या जुन्या भागातील जाड दगडी भिंतींचे वाडे, बोळांसारख्या अरुंद गल्ल्या आणि दाटीवाटीची वस्ती यांमुळे रेडिओ लहरींची वाट खडतर होते. उघड्यावर ५० मीटरांहून अधिक अंतरावरून चालणारा कॉर्डलेस माइक दोन दगडी भिंतींआड काही मीटरांतच तुटू शकतो. ग्राहक मंडपामागच्या खोलीत, लोखंडी कपाटाजवळ किंवा जमिनीवर ठेवण्याची सवय येथे घातक ठरते. तो गायकाच्या दृष्टीच्या टप्प्यात आणि माणसांच्या डोक्यांहून उंच असावा. कारण मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते आणि भरलेले सभागृह रिकाम्या सभागृहापेक्षा लहरींना अधिक अडथळा करते. दुपारच्या चाचणीत निर्दोष चालणारा माइक सायंकाळी गर्दी जमताच रुसतो, त्यामागे हे एक कारण असते.

दाट वस्तीतील दुसरी अडचण वाय-फायची आहे. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे कॉर्डलेस माइक त्याच पट्ट्यातील घरोघरच्या राउटरांशी आणि मोबाइल संचांशी स्पर्धा करतात. दोनशे प्रेक्षकांच्या खिशात दोनशे फोन असतील, तर ही स्पर्धा कार्यक्रम सुरू झाल्यावरच तीव्र होते.

घाटावर किंवा नौकेवर परिस्थिती उलटी असते. तेथे भिंती नसतात, पण ओलावा असतो. कराओकेसाठी सेलवर चालणारा ध्वनिक्षेपक नौकेवर नेला, तर गायक आणि ध्वनिक्षेपक यांत चार-पाच मीटरांपेक्षा अधिक अंतर नसते. अशा ठिकाणी आखूड वायरचा माइक पुरेसा होतो. वीज किनाऱ्यावरून किंवा जनित्रातून घेतली असेल, तर मात्र प्रश्न सोयीचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो.

ओला दगड, अर्थिंग आणि जीव

वायरच्या माइकची धातूची जाळी आणि दांडा केबलच्या आवरणातून थेट मिक्सर व अॅम्प्लिफायरच्या धातूच्या खोक्याशी जोडलेले असतात. अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड होऊन खोक्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर तो प्रवाह माइकपर्यंत येतो. गायकाचे अनवाणी पाय ओल्या दगडावर असतील किंवा ओठ जाळीला टेकत असतील, तर शरीर हाच विजेचा जमिनीकडे जाणारा मार्ग ठरतो. ही भीती काल्पनिक नाही. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या चमूचा गिटारवादक लेस हार्वे याचा अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच मृत्यू झाला होता.

गुणगुण थांबविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची जाड पिन काढून टाकणे किंवा तिची तार तोडणे, हा उपाय अनेक ठिकाणी सर्रास केला जातो. आवाज त्याने कदाचित सुधारतो. परंतु गायक आणि मृत्यू यांमधील एकमेव आडोसाही नाहीसा होतो. गुणगुण दूर करण्याचे योग्य मार्ग निराळे आहेत : सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालविणे, बॅलन्स्ड केबल वापरणे आणि माइकची केबल विजेच्या तारांपासून दूर ठेवणे. उत्सवाच्या तात्पुरत्या जोडणीत ३० मिलिअँपिअरवर खंडित होणारे गळतीरोधक स्विच बसविल्यास बिघाड होताच क्षणार्धात वीज तुटते.

येथे कॉर्डलेस माइकचा खरा लाभ दिसतो. त्यात गायकाचा हात आणि विजेची मुख्य वाहिनी यांत कोणताही धातूचा दुवा राहत नाही. पावसाळ्यातील गणेशोत्सवात, उघड्या अंगणात किंवा घाटाच्या पायरीवर केवळ या एका कारणासाठीही कॉर्डलेस माइकचा अधिकचा खर्च समर्थनीय ठरतो. त्यामुळे मिक्सर व अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगची गरज संपते, असे मात्र नाही. यंत्रे हाताळणाऱ्यालाही तोच धोका असतो.

लहरी कोणाच्या मालकीच्या?

हवेतील लहरी मोकळ्या दिसल्या तरी त्यांचे वाटप शासन करते. भारतात हे काम दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा पाहते. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे विहित मर्यादेत परवानामुक्त आहेत. मात्र परवानामुक्त म्हणजे नियममुक्त नव्हे; उपकरणाला प्रकार मान्यता असणे आवश्यक असते. खरेदी करताना विक्रेत्याकडे या मान्यतेची आणि उपकरण कोणत्या वारंवारतेवर चालते याची विचारणा करणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

जुने संच बाळगणाऱ्यांनी अधिक सावध असावे. ऑगस्ट २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी रिलायन्स जिओने घेतल्या आणि त्यांचा ५-जी सेवेसाठी वापर सुरू झाला. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हा प्रदेश आता मोबाइल सेवेचा आहे. एकेकाळी निर्वेध चालणारा या पट्ट्यातील माइक आज अचानक खरखरू लागला, तर दोष माइकचा नसून बदललेल्या वाटपाचा असू शकतो. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या माइकांवर जून २०१० पासूनच बंदी घालण्यात आली होती.

एकाहून अधिक कॉर्डलेस माइक लावताना आणखी एक गणित सांभाळावे लागते. दोन प्रक्षेपक जवळजवळ आले की त्यांच्या लहरी मिसळून नव्या, अनाहूत लहरी जन्माला येतात. एक माइक ५२०.० आणि दुसरा ५२०.५ मेगाहर्ट्झवर असेल, तर ५१९.५ आणि ५२१.० या ठिकाणी असे उपद्रवी संकेत तयार होतात. तिसरा माइक सोयीचे म्हणून समान अंतरावर, ५२१.० वर लावला की तो नेमका त्यांच्या तावडीत सापडतो. म्हणून तीन किंवा अधिक माइकांच्या वारंवारता समान अंतराने न ठेवता निर्मात्याने दिलेल्या तक्त्यातील एकाच गटातून निवडाव्यात.

सूर बरोबर, ताल चुकतो

कराओकेत संगीत यंत्राचे असते. ते गायकासाठी थांबत नाही. त्यामुळे माइकपासून ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचताना आवाजाला होणारा विलंब निर्णायक ठरतो. वायरच्या आणि पारंपरिक अॅनालॉग कॉर्डलेस माइकमध्ये तो नगण्य असतो. डिजिटल कॉर्डलेस माइकमध्ये तो काही मिलिसेकंदांचा असतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे पाच मिलिसेकंदांचा विलंब हा ध्वनिक्षेपक पावणेदोन मीटर दूर सरकविल्यासारखा असून तो कोणाला जाणवत नाही.

ब्लूटूथचे तसे नाही. ब्लूटूथने आवाज दुसऱ्या ध्वनिक्षेपकाकडे पाठविल्यास विलंब १५० मिलिसेकंद किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. हे म्हणजे स्वतःचा आवाज ५० मीटरांवरून ऐकत गाणे होय. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग केवळ विलंबात जातो. गायक मग नकळत मागे ओढला जातो आणि दोष त्याच्या तालाला दिला जातो. दांड्यातच छोटा ध्वनिक्षेपक असलेल्या ब्लूटूथ माइकमध्ये गायकाचा आवाज थेट त्या ध्वनिक्षेपकात जातो, केवळ संगीत फोनवरून येते. त्यामुळे घरगुती करमणुकीला तो चालतो. तोच माइक सभागृहातील मोठ्या ध्वनिक्षेपकाला ब्लूटूथने जोडण्याचा प्रयत्न मात्र फसतो.

शिट्टी आणि रात्रीचे दहा

माइक वायरचा असो वा कॉर्डलेस, ध्वनिक्षेपकातील आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की कर्कश शिट्टी वाजते. कॉर्डलेस माइक घेऊन ध्वनिक्षेपकासमोर फिरणारा गायक ही आपत्ती ओढवून घेतो. माइक तोंडापासून पाच सेंटिमीटरऐवजी दहा सेंटिमीटरवर धरल्यास आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलने घटते. ती भरून काढण्यासाठी मिक्सर वाढविला की शिट्टी जवळ येते. एकाच वेळी चालू असलेल्या माइकांची संख्या दुप्पट झाली, तर शिट्टीपूर्वी उपलब्ध असलेली मर्यादा आणखी तीन डेसिबलने कमी होते. म्हणून न गाणाऱ्याचा माइक बंद ठेवणे, जाळीऐवजी दांडा धरणे आणि ध्वनिक्षेपक गायकाच्या पुढे ठेवणे, या तीन सवयी महागड्या उपकरणांहून अधिक उपयोगी ठरतात.

आवाजाला कायद्याचीही मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त सभागृहांसारख्या जागा वगळता ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. निवासी भागासाठी मानक दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल इतके आहे. सण-उत्सवांच्या काळात राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. गच्चीवरची मैफल ही बंदिस्त जागा ठरत नाही, हे आयोजकांनी ध्यानी घ्यावे.

निवड कशी करावी?

या सर्व बाबी एकत्र पाहिल्यास निर्णयाची दिशा स्पष्ट होते. गायक एका जागी उभा राहणार असेल, खर्च मर्यादित असेल, अर्थिंग तपासलेले असेल आणि जागा कोरडी असेल, तर वायरचा माइक निःसंशय श्रेयस्कर. माइक प्रेक्षकांत फिरणार असेल, लहान मुले व ज्येष्ठ सहभागी असतील किंवा जमीन ओली असेल, तर दर्जेदार कॉर्डलेस संच घ्यावा. दाट वस्तीत कॉर्डलेस घ्यावयाचा झाल्यास वारंवारता बदलता येणारा, मान्यताप्राप्त यूएचएफ संच निवडावा. ‘खर्च कमी आणि वायरही नको’ या मोहातून घेतलेला स्वस्त संच बहुधा दोन्ही बाजूंनी तोटा देतो. त्यापेक्षा तेवढ्याच पैशांतील चांगला वायरचा माइक अधिक काळ साथ करतो.

बहुतेक मंडळांसाठी मध्यम मार्ग सर्वांत व्यवहार्य आहे : एक चांगला कॉर्डलेस माइक आणि त्याच्या सोबतीला स्टँडवर कायम जोडून ठेवलेला एक वायरचा माइक. युगुलगीतात दोन्ही वापरता येतात, आणि सेल उतरला किंवा लहर तुटली तरी गाणे थांबत नाही. कार्यक्रमापूर्वी प्लगची अर्थिंग पिन, नवे सेल, मोकळी वारंवारता, चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बसविलेल्या केबली आणि गंगेच्या दिशेने नव्हे तर श्रोत्यांच्या दिशेने वळविलेले ध्वनिक्षेपक, एवढी तपासणी पंधरा मिनिटांत पूर्ण होते.

गंगेच्या पैलतीरावर रामनगरची रामलीला सुमारे महिनाभर चालते आणि तीत आजही माइक वापरला जात नाही. संवाद सुरू होण्यापूर्वी शांततेची हाक दिली जाते आणि हजारोंचा समुदाय कान देऊन ऐकतो. हौशी गायकाच्या आवाजात ती ताकद नसते. त्याला यंत्राचा आधार लागतो. तो आधार ऐन कडव्यात दगा देणारा नसावा आणि हातात धरणाऱ्याच्या जिवावर उठणारा तर मुळीच नसावा, एवढी काळजी घेतली की वायर असली काय आणि नसली काय, मैफल गाणाऱ्याचीच राहते.